कार्मीनबाय आणि तळ्यातले झरे

आमच्या वाडीच्या तळ्यावर कार्मीनबायने बावीस वर्षं धुणं धुतलं, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं मी तिच्याशी भांडलो. हे आधीच सांगून टाकतो. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

मी श्रीपाद, प्राथमिक शाळेतला निवृत्त मास्तर. निवृत्त मास्तराला गावात एखादी समिती लागतेच, नाहीतर तो घरात बायकोला शिकवायला लागतो. मी तळ्याची समिती काढली. तळं जपायला हवंच होतं. वाडीतल्या सगळ्या विहिरींचं पाणी त्याच्यावर आणि खालच्या मळ्यातलं वायंगण, म्हणजे आमचं उन्हाळी भातही त्याच्यावरच. आमच्या समितीने पहिल्या सभेत चहा घेतला आणि दुसऱ्या सभेत बोर्ड रंगवला: ‘तळ्यात कपडे धुण्यास सक्त मनाई आहे.’ तोवर घरोघरी मशिनं आली होती. तळ्यावर धुणारी एकटी कार्मीनबाय उरली होती. बोर्डावर तिचं नाव घालायचं तेवढं आम्ही बाकी ठेवलं होतं.

कार्मीनबायचा नवरा लिओन बोटीवर कुक होता. तो गेला तेव्हा मुलगी वेनेसा चौथीत, माझ्याच वर्गात होती. कार्मीनबायने तारकर्लीच्या लॉजवाल्यांच्या चादरी धुवायला घेतल्या. एकाचे दोन, दोनाचे बारा लॉज झाले. सकाळी सातला टेंपो गाठोडी टाकून जायचा. गुडघ्याखालपर्यंत फ्रॉक, डोक्याला रुमाल अशी ती तळ्याच्या पूर्वेच्या काठाला एका धोंड्यापाशी पाण्यात उभी राहायची, आणि धुतलेल्या चादरी वरच्या सड्यावर, काळ्या कातळावर पसरून चारी कोपऱ्यांना दगड ठेवायची. त्या धुण्यावर वेनेसा नर्स झाली. आता ती मडगावला असते आणि दर आठवड्याला आईला सांगते, ये म्हणून.

“धुणां बंद झालां तर जावचाच लागतलां,” कार्मीनबाय म्हणायची. “पण थंय फ्लॅटात बसान मी काय करू? जिन्यार कोण भेटलो तर माका वळाखता तरी काय?”

बोर्ड लागला त्या सकाळी मी मुद्दाम तिथे उभा राहिलो. तिने तो शांतपणे वाचला.

“मास्तरांनू, ‘सक्त’ बरां काढलास हां. हातार वळण अजून आसा तुमच्या,” ती म्हणाली, आणि साबणाची पावडर पाण्यात टाकून चादर घासायला लागली.

सहा वर्षं हे असंच चाललं. मी बोलायचो, ती धुवायची.

गेल्या उन्हाळ्यात तळ्याच्या सुशोभीकरणाची योजना आली. चारही बाजूंनी सिमेंटची भिंत, तिच्यावरून फिरायचा रस्ता, बाकं, दिवे. वाडीत आनंदीआनंद. मीही खूश होतो. मग माझी बायको शुभदा नकाशा बघून म्हणाली, “अहो, भिंतीचा पाया खणून त्यात सिमेंट ओतणार. सड्याचं पाणी झऱ्यांनी तळ्यात येतं, त्याचं काय होणार?” झरे बुजले तर तळं म्हणजे पावसाचं साठलेलं डबकं. फेब्रुवारीत ते आटणार, आणि त्याच्यामागोमाग विहिरी.

योजनेचा इंजिनिअर यज्ञेश हा तरुण मुलगा. वाईट नव्हता. त्याने सरळ सांगितलं, “गुरुजी, तळ्याला झरे आहेत हे सगळेच म्हणतात. कुठे आहेत ते दाखवा. मी अहवालात लिहितो, नकाशा बदलतो. गुरुवारी येतो. पण नुसत्या बोलण्यावर मला काही करता येणार नाही.”

आम्ही समितीचे सात जण दोन दिवस काठावरून फिरलो. एक म्हणाला झरा वडाखाली, दुसरा म्हणाला छे, देवळासमोर. सरपंच सत्यवानने तर डोळे मिटून तीन जागा दाखवल्या, आणि आदल्या दिवशी त्यानेच दाखवलेल्या तीन वेगळ्याच होत्या. खरी गोष्ट अशी की आम्ही बापये, म्हणजे पुरुषमंडळी, तळ्यात उतरतो ते वर्षातून एकदा, गणपती पोचवायला. आणि भाद्रपदात सगळंच पाणी गार. झरा कुठला नि पाऊस कुठला, पायाला काय कळणार?

घरी येऊन मी वैतागून बसलो, तर शुभदा म्हणाली, “काखेत कळसा नि गावाला वळसा. जी बाई बावीस वर्षं त्या पाण्यात उभी आहे तिला विचारलंत का?”

विचारलं नव्हतं. मनात आलंच नव्हतं, आणि आलं असतं तरी गेलो नसतो. त्या संध्याकाळी मात्र गेलो. कार्मीनबाय पडवीत चादरींच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं. तिने हातातली घडी पुरी केली.

“भिंत झाली तर पाणी जाता, होय मा?”

“होय.”

“मगे सकाळी येव नकास. सकाळी सगळां पाणी सारख्याच. उद्या दोन वाजता येवा, वयलां पाणी तापला काय खालचां थंड पायाक कळता. आणि काठये घेवन येवा.”

बुधवारी दुपारी दोनला ती शेजारच्या किशोरीला आणि आणखी चार बायकांना घेऊन आली. मशिनं येण्याआधी त्याही तिथेच धुणं धुवायच्या. कुणी साडी, कुणी फ्रॉक खोचून, एकमेकींचे हात धरून सहाजणी पाण्यात उतरल्या आणि काठाकाठाने एकेक पाऊल सरकायला लागल्या. मधेच एखादी थांबायची. “हय गो, हय!” मग कार्मीनबाय तिथे जाऊन पाय रोवून बघायची आणि मला हाक मारायची. मी लेंगा वर करून बांबूची काठी ठोकायचो. पहिल्या ठिकाणी मी स्वतः पाय ठेवला. वर चहासारखं कोमट पाणी, आणि पोटऱ्यांच्या खाली अचानक गारवा, वाळूतून हळूहळू वर येणारा. चौसष्ट वर्षं या तळ्याच्या काठी काढली आणि हे मला माहीत नव्हतं. मला लाज वाटली.

सतरा काठ्या झाल्या. त्यातल्या तेरा पूर्वेच्या काठाला, सड्याच्या पायथ्याशी, भिंतीच्या आखलेल्या रेघेवर. सगळ्यात जोरदार झरा कार्मीनबायच्या धोंड्याखाली होता.

गुरुवारी यज्ञेश दुपारीच आला. त्याने बूट काढले, पँट दुमडली आणि एकेका काठीपाशी जाऊन उभा राहिला. चौथ्या काठीला म्हणाला, “अहो, खरंच की!” पुढे पंधरा दिवसांनी नकाशा बदलला. पूर्वेचा काठ जसा आहे तसाच ठेवायचा, भिंत नाही. रस्त्याच्या बाजूला फक्त सुटे दगड रचायचे. वाडीत पेढे वाटले गेले.

अहवाल ग्रामसभेत वाचायचं काम माझ्याकडे आलं. आदल्या संध्याकाळी मी तो घरी वाचला आणि शेवटच्या पानावर अडकलो. तिथे लिहिलं होतं: ‘झऱ्यांच्या संरक्षणासाठी पूर्वेच्या काठावर साबण वापरणे व कपडे धुणे पूर्णपणे बंद करावे.’

सहा वर्षं मी जे मागत होतो तेच होतं. पण आता ते वाचायचं म्हणजे जिने झरे दाखवले तिलाच घालवून द्यायचं. गरज सरो, वैद्य मरो. सभेत मी सगळा अहवाल खणखणीत आवाजात वाचला आणि ती ओळ गाळून कागदाची घडी घातली. टाळ्या पडल्या.

मागून कार्मीनबाय उठली.

“मास्तरांनू, एक वळ सोडलास.”

मी म्हटलं, “ते नंतर बघू, कार्मीनबाय.”

“नंतर कित्याक? तो इंजिनेर माका एक कागद देवन गेलो. माझां नाव आसा थंय, म्हणान. माझो वाचून झालो. आमच्या वेनेसान धड्यातली एक वळ सोडली तर उभी करून ठेवायचास तिका. आता तुमी वाचा.”

सभेत कुणी हसलं नाही. मी घडी उलगडली आणि चष्मा पुसत राहिलो. तेव्हा ती पुढे म्हणाली, “त्या धोंड्यार मी कित्याक उभी रवायचंय? पाय थंड रवत म्हणान. खालसून झरो येता ता माका पयल्या वर्सापासून ठावक होता. आणि माझो साबण पयलो त्याच झऱ्यात जाय, ताय ठावक होता. पोटासाठी गप रवलंय. वाचा.”

मी वाचलं. ठरावाला पहिला हात तिचा वर गेला. माझा बराच उशिरा गेला, आणि तो वर करताना मला रडू येत होतं. आलंही थोडं.

सभेने तिला धुण्यासाठी टाकी बांधून द्यायचं ठरवलं. ती टाकी अजून कागदावरच आहे. आमच्या गावाचा वेग सगळ्यांना माहीत आहे. कार्मीनबायने सात लॉजवाल्यांना नाही म्हणून सांगितलं. पाच ठेवले. त्यांच्या चादरी ती आता घरच्या विहिरीवर धुते, सांडपाणी माडांना जातं. विहीर मेअखेरपर्यंत टिकली तर ती इथे राहणार. आटली तर मडगाव.

यंदा मेची वीस तारीख उलटली आहे आणि विहिरीत पुरुषभर पाणी आहे.

सकाळी सात ते नऊ मी तिच्याकडे असतो. शुभदाने पाठवलं, असं लोकांना सांगतो. खरं म्हणजे मला घरी बसवत नाही. डबल बेडची ओली चादर एकट्याने पिळायची तर मनगटं जातात, आणि तिची गेलीच आहेत. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. पहिला आठवडाभर मी तिच्या हातांकडे बघून तसंच फिरवायचो, आणि चादर नुसती गोल गोल फिरायची.

“माझ्याकडे बघून पिळू नकास,” ती ओरडायची. “तुमच्या बाजून उलटां पिळा!”

आज पिळताना तिचा फोन वाजला. वेनेसाचा. तिने चादरीचं टोक काखेत धरलं आणि कानाला फोन लावला.

“नाय गो, येवक जमाचां नाय,” ती म्हणाली. “हय माका एक गडी गावलो आसा. शिकलेलो आसा, पण शिकता हळूहळू.”

मी दुसरी चादर उचलली.