बाळाबाई कुणाच्या जिवावर खात होती

बाळाबाईला काळी म्हणा, कजाग म्हणा, ती हसून दुप्पट परत द्यायची. पण 'नवऱ्याच्या जिवावर बसून खाती' असं कुणी म्हटलं की तिच्या डोळ्यांत मिरची जायची.

हे बोल तिला पहिल्यांदा लावले तिच्या नणंदेनं, शालननं. तेव्हा लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. शालनचं सासर त्याच गावात, चार घरं सोडून. नणंद सासरी गेली हे फक्त म्हणायला. आवाज असा, की ती अंगणात बोलली तर नदीपलीकडच्या माणसानं ओ द्यावी. तोच फुटक्या ढोलासारखा आवाज तिच्या भावाचा, ज्ञानूचा. अंधारात बहीणभाऊ बोलायला लागले, तर कोण कुठला ते कळायचं नाही.

तर शालन भर पाणवठ्यावर म्हणाली, "माझा भाऊ काहिलीपुढं भाजून निघतोय, आन् ही बया त्येच्या जिवावर बसून खाती."

त्याच आठवड्यात बाळाबाईनं हातातल्या पाटल्या मोडून म्हैस आणली आणि डेअरीचं कार्ड स्वतःच्या नावावर काढलं. त्यानंतर सव्वीस वर्षं घरातली मीठमिरचीसुद्धा त्या म्हशीच्या आणि पुढं तिच्या पारड्यांच्या दुधाच्या पैशांतून आली. ज्ञानूची कमाई तिनं हातात धरली नाही. ती गेली घरावरच्या पत्र्यात आणि लेकीच्या, अनुजाच्या शाळेत.

ज्ञानू होता गुळव्या. गुऱ्हाळावर रस आटत आला, की काहील, ती मोठी कढई, चुलीवरून कधी उतरवायची ते गुळव्यानं सांगायचं. ज्ञानू चिमूटभर पाक पाण्यात टाकायचा, त्याची गोळी बोटांत फिरवायचा आणि "उतरा" म्हणायचा. "ह्या एका शब्दाचं पैसं मिळत्यात बघा," असं बाळाबाई सांगायची. हंगाम पाच महिन्यांचा. बाकीचे सात महिने तुमचे मालक काय करतात, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "घोरत्यात की."

मग एका फेब्रुवारीत ज्ञानू गुऱ्हाळावरून सायकलीनं घरी येत होता आणि मागून टेम्पोनं उडवलं. माणूस जागच्या जागी गेला. कॅरिअरला उसाच्या शेंड्यांचा, वाड्याचा भारा बांधलेला, ते हिरवं वाडं गडहिंग्लजच्या रस्त्यावर लांबपर्यंत पसरलं.

गावातलाच विजयसिंह कोल्हापुरात वकिली करायचा. त्यानं नुकसानभरपाईचा दावा लावला. अनुजा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. दावा लागला तर तिचं शिक्षण पुरं होणार, नाहीतर पोरगी पेटी घेऊन घरी.

विजयसिंहनं समजावलं, "मावशी, काकांची कमाई धरायची. त्यांचा स्वतःचा खर्च म्हणून तिसरा हिस्सा कापायचा. राहिलेलं त्यांच्या वयाच्या हिशोबानं इतक्या वर्षांनी गुणायचं."

"तिसरा हिस्सा? निम्म्या भाकरी एकटंच खायचं की!"

"हे कोर्टात बोलायचं नाही."

"मग खोटं बोलू व्हय?"

"विचारल्याशिवाय खरं बोलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, तुमचं पोट त्यांच्यावर होतं, एवढं सांगायचं."

"कुणाचं पोट?" बाळाबाईचा आवाज चढला.

"मावशी, पोट त्यांच्यावर असेल तरच भरपाई. ज्याचं काही गेलंच नाही, त्याला काय देणार?"

शेवटी अनुजाच्या तोंडाकडं बघून तिनं शपथपत्रावर सही केली. पण बजावून सांगितलं, "कागदावर असू दे. तोंडानं म्हणायची न्हाय."

तारखेच्या दिवशी नेसरीहून कोल्हापूरच्या पहिल्या गाडीला बाळाबाई बसली, तर शेजारच्या सीटवर शालन आधीच हजर. "भाऊ माझाबी हुता," ती म्हणाली. आता हिच्यादेखत पिंजऱ्यात उभं राहायचं, म्हणून बाळाबाई उतरेपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसली.

गुऱ्हाळाचे मालक गणपतराव मागच्याच तारखेला ज्ञानूच्या मजुरीबद्दल सांगून गेले होते. आज पाळी बाळाबाईची. टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकीलबाई चष्मेवाल्या, किडकिडीत, बोलायला साखर. त्यांनी डेअरीतून आणलेली तिच्या कार्डाची नक्कल पुढं केली.

"हे कार्ड तुमच्या नावावर आहे?"

"व्हय."

"दुधाचे पैसे तुमच्याच खात्यावर येतात?"

"मग काय गावच्या पाटलाच्या?"

"म्हणजे घर तुम्हीच चालवत होता."

बाळाबाईनं पदर सारखा केला. एवढ्या वर्षांत हे कुणीतरी मोठ्यानं म्हटलं, आणि तेही कोर्टात! "मीच. सव्वीस वर्सं."

"नवऱ्याच्या कमाईवर तुमचं काही अडत नव्हतं?"

विजयसिंह तिच्याकडं असा बघायला लागला, जसं जत्रेतलं बोकड खाटकाकडं बघतं. मागच्या बाकावर शालनच्या बांगड्या वाजल्या. त्या वाजल्या आणि बाळाबाईचा तोल गेला.

"एक रुपयाबी घेतला न्हाय त्येंचा! इचारा वन्संला, त्या काय मागं बसल्यात."

"माझे प्रश्न संपले," म्हणून वकीलबाई गोड हसून खाली बसल्या. विजयसिंहनं कपाळ धरलं.

न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी चष्मा काढला. "बाई, मग ते गेल्यानं तुमचं नुकसान तरी काय झालं?"

सवाल साधाच. बाळाबाईनं तोंड उघडलं. मग निघालं ते हे.

"म्हस दूध देईना झालीया, साहेब."

कोर्ट हसलं. साहेब हसले नाहीत. "म्हशीचा इथं काय संबंध?"

"धार त्येच काढायचं. माझ्या हाताला ती पान्हा सोडत न्हाय. चारला उठून शेण काढायचं, धार काढायचं, डेअरीला दूध घालून यायचं. वाडंबी त्येच आणायचं, गुळव्याला गुऱ्हाळावर फुकट असतंय ते. हंगाम न्हवता तवा बांधाबांधानं गवत कापत हिंडायचं. म्हणून तर दुपारी घोरायचं..."

ती थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"आणि तुम्ही काय करत होता?" साहेबांनी विचारलं.

बाळाबाईनं कार्डाकडं बघितलं.

"कार्ड माझ्याकडं हुतं."

"आता धार कोण काढतं?"

"मीच. त्येंचा सदरा घालतो, टोपी घालतो, त्येंच्यावानी खोकतो. मग निम्मं देती. सदऱ्याला गुळाचा वास हाय, म्हणून धुतला न्हाय अजून."

तिकडच्या बायका स्वतःला 'करतो, जातो'च म्हणतात; टाइप करणारी पोरगी अडली ती खोकण्यावर, आणि तोंडाला रुमाल लावून बसली.

साहेबांनी ते कार्ड मागून घेतलं. बोट एकेका ओळीवरून खाली आणलं. रोजचं आठ लिटर, आठ लिटर. मग टेम्पोची तारीख, आणि त्याखाली दोन दिवस काहीच नाही. मग दीड लिटर. मग चार, आणि चारच. कंपनीनं आणलेलं कार्ड ज्ञानूची साक्ष द्यायला लागलं, तशा वकीलबाई कागद चाळायला लागल्या.

एवढ्यात मागून शालनचा ढोल वाजला. "सव्वीस वर्सं मी दुसरं काय म्हंत हुतो? माझ्या भावाच्याच जिवावर खात हुती ही!"

"कोण आहे ते? गप्प बसा!" साहेब ओरडले.

विजयसिंह मात्र ताडकन उठला. "साहेब, माझं म्हणणंही तेच आहे!"

शालनच्या जिभेनं जन्मात पहिल्यांदा कुणाचं भलं केलं असेल.

साहेब बाळाबाईकडं वळले. "त्या म्हणतात ते खरं आहे का?"

बाळाबाईनं पिंजऱ्याचं लाकूड घट्ट धरलं. हॉस्टेलवरून परस्पर आलेली अनुजा तिला दारात उभी दिसत होती.

"खरं हाय," ती म्हणाली. "पर त्येंनी एवढ्या मोठ्यांदा म्हणायची गरज न्हवती."

तीन महिन्यांनी निकाल लागला. गुळव्याची मजुरी धरली, धारेची आणि वैरणीची मेहनतही धरली. अनुजाची फी भरली गेली.

सुट्टीला अनुजा घरी आली. नर्सिंग शिकलेली पोरगी, तिनं खुंटीवरचा सदरा बघितला, नाक दाबलं आणि सरळ उकळत्या पाण्यात टाकला. संध्याकाळी बाळाबाई तो घालून गोठ्यात गेली. म्हशीनं वास घेतला आणि पाठ फिरवली. बाळाबाई घसा सुजेपर्यंत खोकली, पण थेंब पडेना.

कळल्याबरोबर शालन गोठ्याच्या दारात हजर. "बाळे, अगं काय ही अक्कल! माझ्या भावाचा एक सदरा सांभाळता आला न्हाय तुला?"

तोच फुटका ढोल ऐकून म्हशीनं कान टवकारले. मान वळवली. बाळाबाईच्या हाताखाली बादलीत चळ्ळकन धार वाजली.

"वन्सं, बोला! थांबू नगासा!"

"आता काय बोलू?"

"रोजचंच बोला की!"

तेव्हापासून शालन सकाळ-संध्याकाळ गोठ्यातल्या दगडावर येऊन बसते आणि धार संपेपर्यंत भावजयीला शिव्या घालते. बदल्यात तांब्याभर दूध नेते. परवा डेअरीत दूध मोजणाऱ्या बाळासोनं मापाकडं बघून विचारलं, "काकू, साडेसात लिटर? काय चारलासा म्हशीला?"

"चारतोय कसलं," बाळाबाई कार्ड पुढं करत म्हणाली. "नणंदंच्या जिवावर बसून खातोय."