मार्गदर्शक आबा आन चारी बाजूंनी समुद्र

आमच्या हनिमूनला मार्गदर्शक म्हणून माझे वडील होते.

म्हणजे सोबत नव्हते हो! ते गेवराईतच होते. पण चौकातल्या बॅनरवर तसंच छापलं होतं. "आमचे मित्र गणेशभाऊ यांची श्रीलंका हनिमून दौऱ्यासाठी सपत्नीक निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." वर गॉगल घातलेला मी, शेजारी सोनाली (फोटो पाठवणीचा, त्यामुळं डोळ्यात पाणी), आन खाली हात जोडून आबा. मार्गदर्शक.

बॅनर लावला माझ्या दोस्तानं, पप्यानं. त्याचं फ्लेक्सचं दुकान हाय. म्हणलं, "निवड कावून लिहिलं बे? मी काय इलेक्शन लढलो का?"

"परदेश दौरा म्हणल्यावर निवड आलीच की," पप्या म्हणला. "मजकूर तयारच असतो. म्या फक्त 'अभ्यास' खोडून 'हनिमून' टाकलं."

पण आबांच्या डोक्यातून ते 'अभ्यास' काही खोडलं गेलं न्हाई. आबा माजी सरपंच. एकदा शेतीच्या अभ्यास दौऱ्यावर इस्रायलला जाऊन आलेत. त्याला लई वर्षं झाली, पण घरात अजून भेंडीची भाजी जरी केली तरी इस्रायलची भेंडी कशी असती ते ऐकावं लागतं. परदेशात माणूस नुसता हिंडायला जातो हे त्यांना पटतच न्हाई. "जाताच हाव तर दुधाचा धंदा बघा, ठिबक बघा, नारळाची लागवड बघा. चार लोकांच्या उपयोगी पडंल."

आता खरी गोष्ट सांगतो. साखरपुडा झाल्यावर आमी पहिल्यांदा फोनवर बोललो, तवा सोनालीनं एकच गोष्ट मागितली होती. ती वडवणीची, आमच्यासारखीच उसाच्या पट्ट्यातली. म्हणली, "मी समुद्र कधी बघितला न्हाई. तेवढा दाखवा." म्या लई रुबाबात म्हणलं, "एवढंच?" आन मुद्दाम श्रीलंका निवडली. नकाशात बघा ना, चारी बाजूंनी समुद्र! कुठंबी तोंड करून चाललं तरी शेवटी समुद्रच लागणार. असा देश निवडल्यावर चूक कशी होईल?

होती की! माझ्यासारखा माणूस पाहिजे फक्त.

पहिली अडचण आईची. "जिथं सीतामाईला डांबून ठेवलं तिथं नव्या सुनंला कोण नेतं?" शेवटी तोडगा निघाला, की आधी तिथल्या सीतामाईच्या मंदिरात जाऊन ओटी भरायची, मगच बाकीचं हिंडायचं. आईनं खण, तांदूळ, हळकुंडं आन नारळ बांधून दिला. नारळाच्या देशात आमी गेवराईहून नारळ घेऊन चाललो! विमानतळावर बॅग तपासणाऱ्यानं तो नारळ कानाशी धरून हलवून बघितला आन माझ्याकडं असं बघितलं, की म्याच मान खाली घातली.

मंदिर निघालं पार डोंगरात. म्हणजे उतरल्या उतरल्या आमी समुद्राकडं पाठ करून निघालो. सोनालीनं मन लावून ओटी भरली. बाहेर आल्यावर म्हणली, "सीतामाईनं तरी समुद्र बघितला असंल का? का तिला बी वरच्या वरच आणलं?"

मला हसू आलं. मग लक्षात आलं, ती हसत नव्हती.

म्हणलं, उद्या पक्का समुद्र. तेवढ्यात आबांचा व्हिडिओ कॉल! "मागं गाय दिसती ती. जरा जवळून दाखव." झालं. तिथून पुढं रोज सकाळी आबा कॉलवर. आज गोठा, उद्या मसाल्याची बाग, परवा नारळाची नर्सरी. आबा आमच्या ड्रायव्हरशी थेट हिंदीत बोलायला लागले. "भाऊ, दूध को फॅट कितना लगता?" त्या बिचाऱ्याला हिंदी येत नव्हती, पण आबांचा आवाज कळत होता. मग तो आपणहून गाय दिसली की ब्रेक मारायला लागला. मला आबांना न्हाई म्हणता येईना (आजपर्यंत कुणाला आलंय?) आन सोनालीच्या डोळ्याला डोळा देता येईना.

एका दिवशी तर आबांनी उसाचा फड बघायला धाडलं. सोनाली बांधावर उभी राहिली, उसाकडं बघितलं आन हळूच म्हणली, "मला वाटलं होतं मी वडवणीतून निघाले."

मी घाबरलो. घाबरून फोन जास्तच वर धरला, उसाचं पेरं आबांना नीट दिसावं म्हणून, आन हातातून सुटून तो पाटात. फोन जगला! पण मागचा कॅमेरा गेला. नुसता सेल्फीचा चालू.

शेवटचा दिवस. दुपारून विमान. सकाळी सोनाली ड्रायव्हरजवळ गेली आन हातानं लाटा करून दाखवल्या. ड्रायव्हर इतका खूश झाला, की वाटेत दोन गाई लागल्या तरी थांबला न्हाई.

गाडी थांबली. सोनाली चपला हातात घेऊन पळाली. मी मागून निघालो तेवढ्यात फोन वाजला. आबा. "कुठला गोठा हाय आज?"

सोनालीनं मागं वळून बघितलं. आली, माझ्या हातातून फोन घेतला. म्हणलं, आता संपलं, लग्नबी आन मीबी. पण ती एकदम गोड बोलली, "मामा, जरा आत्याबाईंकडं द्या ना फोन."

आई आली. हाताला पीठ. सोनालीनं फोन माझ्या हातात दिला, म्हणली, "असं समुद्राकडं पाठ करून उभं राहा. हलू नका." आन पाण्यात गेली.

आईनं फोन पार डोळ्याशी धरला, इकडं पडदा सगळा काळा. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणली, "सोने, पाणी खरंच खारट असतं का गं? चाखून बघ."

सोनालीनं ओंजळ भरून चाखलं, तोंड वाकडं केलं, आन इतकी हसली इतकी हसली, की तिकडं आईबी पदर तोंडाला लावून हसायला लागली. मागं आबा उभे होते. म्हणले, "इस्रायलला बी होता की समुद्र." आई त्यांच्याकडं न बघताच म्हणली, "मला कुठं नेलतं तुमी?"

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. आख्ख्या गेवराईनं कधी बघितले नसतील असे. मग फोनजवळ येऊन म्हणले, "सोनाली, हिला न्यायचं झालं तर आपल्याकडं कुठला समुद्र चांगला?"

परवा चौकात नवीन बॅनर लागलाय. आबा आन आई यांची कोकण दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मार्गदर्शक, सौ. सोनालीताई. म्या पप्याला इचारलं, "मीबी गेलतो की बे श्रीलंकेला. मला मार्गदर्शक कावून न्हाई केलं?"

पप्या म्हणला, "तू बघितला का समुद्र?"

मी इचारात पडलो. आई बघत होती, आबा बघत होते, सोनाली त्याच्यात उभी होती. मी तेवढा फोन धरून उलटा उभा होतो.

शुभेच्छुकांच्या रांगेत शेवटचा फोटो माझा हाय. खांबामागं.