बाटलीत पाणीच होतं

सुमतीताई नसत्या तर मी शिकलो नसतो. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल, पोरगा उपकार विसरला. विसरलो नाही. बुलढाण्याला त्यांच्या वसतिगृहात मी सातवीपासून राहिलो. ताप आला की ताई स्वतः उशाशी बसून कपाळावर ओली पट्टी ठेवायच्या. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. समाजकार्याची पदवी घेतली ती त्यांच्यामुळे. नोकरी मिळाली तीही त्यांच्याच संस्थेत, व्यसनमुक्तीच्या कामात.

त्याच सुमतीताई आमच्या गल्लीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. समोर नालीच्या काठाला माझा बा चिखलात आडवा पडला होता. पूर्ण शुद्धीत. पोटात दारूचा थेंब नव्हता. पुण्याहून आलेला दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून वाकून म्हणाला,

"काका, छान झालं. फक्त एकदा पुन्हा पडाल का? मागून म्हैस गेली."

त्याच्या आवाजात जराही उद्धटपणा नव्हता. भाजीत थोडं मीठ मागावं तसं त्याने मागितलं.

बा उठला. हाताचा चिखल पायजम्याला पुसला. "हाव साहेब," म्हणाला. आणि पुन्हा पडला.

गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन बघत होती. बासोबत मोताळ्याच्या बाजारात पोती उतरवणारा एक जण ओरडला, "काय बे सुखदेव, हिरो झाला ना तू! आता पुण्याले जाशीन का?" पोरं हसली. बासुद्धा हसला, पडल्या पडल्या.

मी भिंतीला टेकून उभा होतो. त्या दिवसापासून जी भीती पोटात शिरली ती अजून गेलेली नाही.

बा प्यायचा. मला समजायला लागलं तेव्हापासून प्यायचा. दिवेलागणीला माय मला धाडायची, "जाय, पाह्य तुया बाप कुठी पडला." बहुतेक वेळा नालीपाशीच सापडायचा. माझ्याच्याने उचलवायचा नाही. मग मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन रडायचो. रडणं कानात गेलं की तो कसाबसा उठायचा. ही गोष्ट मी जन्मात एकाच माणसाला सांगितली. वसतिगृहात दिवाळीच्या सुट्टीत सगळी पोरं घरी गेली आणि मी गेलो नाही, तेव्हा ताईंनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "हे आपल्या दोघांतच राहील."

गेल्या वर्षी बाला रक्ताची उलटी झाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता पुन्हा घेतली तर हा माणूस वाचणार नाही. दारू एकदम तुटली तसे बाचे हात उडायला लागले. भिंतीवरून मुंग्यांची फौज येतेय म्हणून तो किंचाळायचा. मायने आपल्या लुगड्याच्या पट्टीने त्याचे हात खाटेला बांधले. मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसून राहिलो. आत काहीतरी फडफडत होतं.

तो वाचला. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर उभं राहून त्याने पंचशील घेतलं. तसं ते आम्ही लहानपणापासूनच म्हणतो. त्यातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. पिऊन आलेली माणसंही ते म्हणतात, कोणी थांबवत नाही. पण बाने ते धरलं. तो रोज संध्याकाळी विहारात जायला लागला. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं, अशी आमच्याकडे रीत. बाने पुढे म्हणायचं काम मागून घेतलं. लोक चेष्टा करायचे, "सुखदेवभाऊ, पाचवं जरा जोरात येऊ द्या." बा खरंच जोरात म्हणायचा.

दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या. पण बाप माझा उभा होता तो त्या एका ओळीवर.

मग ताईंचा फोन आला. "आपल्या कामावर फिल्म होतेय. तुझ्या बाबांची गोष्ट घेऊ या. आता तुला काय परवानगी विचारायची, तू घरचाच."

ताईंना मी कधी नाही म्हटलेलं नव्हतं. ते कसं म्हणतात हेही मला ठाऊक नव्हतं.

ती माणसं आली. शेजारून खुर्च्या आणल्या. ताई बसल्या, दिग्दर्शक बसला. एक खुर्ची बासाठी ठेवली होती, पण तो ताईंच्या बरोबरीने बसेना. उकिडवा खाली बसला. कॅमेरा सुरू करून दिग्दर्शकाने विचारलं, "काका, आम्ही तुमचं चित्रण केलं तर चालेल ना?"

"हाव साहेब."

झालं. संमती मिळाली.

आमच्याकडे खुर्चीवरच्या माणसाला हावच म्हणतात. तलाठी असो, मालक असो, डॉक्टर असो. तुझं घर पाडू का, असं विचारलं असतं तरी बाच्या तोंडून आधी हाव निघालं असतं, मग त्याला प्रश्न कळला असता. हे ताईंना कळायला हवं होतं. त्यांची हयात या माणसांत गेली.

दिग्दर्शकाने पिशवीतून देशीची रिकामी बाटली काढली. धुऊन त्यात पाणी भरलं होतं. "पाणीच आहे, काका. आधीची परिस्थिती दाखवायचीय. फक्त तोंडाला लावा."

बाने माझ्याकडे पाहिलं. मी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली.

बाने बाटली हातात घेतली आणि त्याचा हात थरथरायला लागला. धुतली तरी वास जात नाही बाटलीचा, मला दुरून येत होता. दिग्दर्शक हळूच कॅमेरावाल्याला म्हणाला, "हात घे, हात." कॅमेरा पुढे सरकला. बाचे डोळे मिटलेले होते. पाण्याचा घोट घशाखाली उतरताना मी पाहिला.

त्यानंतर ते नालीत पडणं. एकदा, आणि म्हैस गेली म्हणून पुन्हा.

बा दुसऱ्यांदा पडून तसाच होता तेव्हा दिग्दर्शक माझ्याकडे वळला. "ताई सांगत होत्या, लहानपणी तुम्ही यांच्या कानाशी रडायचात, मग हे उठायचे. तेवढं एकदा करू या. रडू नाही आलं तरी चालेल, आपण पाठीमागून घेऊ."

कानाशी. हा शब्द जगात एकाच माणसाकडे ठेवलेला होता. मी ताईंकडे पाहिलं. त्या पदराने चष्मा पुसत होत्या.

मी पुढे गेलो. रडलो नाही, वाकून कानाशी तोंडही नेलं नाही. बाच्या काखेत हात घातले, त्याला उभं केलं, घरात नेलं आणि दार लावून कडी घातली. मला वाटलं, मी 'नाही' म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

दाराबाहेरून दिग्दर्शकाचा आवाज आला. "कट. अरे, दार लावलं ते भारीच आलं. एकदम खरं."

माझं 'नाही'सुद्धा त्यांच्या कॅमेऱ्यात गेलं होतं.

संध्याकाळी विहारात वंदना सुरू झाली आणि बा तिथे नव्हता. घरीही नव्हता. माय दारात उभी राहून रस्त्याकडे पाहत होती. मी मोताळ्याच्या रस्त्याला धावलो. सोयाबीनच्या शेतांपुढे रस्ता वळतो, तिथून देशीच्या दुकानाचा दिवा दिसतो. त्या वळणावर बाभळीखाली बा उभा होता. दिव्याकडे तोंड करून.

मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. आधी वास घेतला, मग हाक मारली. लहानपणची सवय.

"पेलो नाही रे," बा म्हणाला. "नुस्ता उभा हाय."

"मंग विहारात काऊन नाही आला?"

"आज तोंडाले बाटली लावली म्या. कोन्या तोंडानं पाचवं शील म्हनू?"

"बा, त्याच्यात पानी होतं."

"तुले मालूम, मले मालूम. पाहनाऱ्याले काय दिसन?" त्याने पुन्हा दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ते चित्र हाय तवर मी तिथं पेऊनच राह्यलो ना, पोरा. इथं सोडली, अन् तिथं चालूच हाय."

मी त्याचा हात धरला. थंड होता. शील मोडलंच आहे असं एकदा मनाने घेतलं की आता प्यायलो तर काय बिघडलं, हा विचार यायला वेळ लागत नाही. कामावर रोज कोणी ना कोणी मला हेच सांगतो. बा अजून त्या विचारापर्यंत पोहोचला नव्हता. पण वळणावर येऊन थांबला होता, आणि दिवा समोर दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी बुलढाण्याला ताईंकडे गेलो. उभा राहूनच बोललो.

"ताई, बाबांचं चित्रण काढून टाका."

"का रे? इतकं चांगलं झालंय."

"बाबा विहारात गेले नाहीत काल."

त्यांनी मला बसवलं, चहा सांगितला. "हे बघ, तुझ्या वडिलांकडे पाहून गावोगावचे लोक दारू सोडतील. केवढं मोठं काम होणार आहे त्यांच्या हातून. तुला लाज वाटते का त्यांची?"

"नाही."

"मग घाबरतोस कशाला?"

एवढंच म्हणालो, "ताई, ती कानाशी रडण्याची गोष्ट मी तुम्हाला सांगितली होती."

"अरे, मी काय परकी आहे?" त्या हसल्या. मायेनेच हसल्या, ते मी नाकारत नाही. "संस्थेच्या वर्धापनदिनाला फिल्म दाखवू, मग तू बोल. बाबांना घेऊन ये. बघ कशा टाळ्या पडतात."

चहावर साय धरली. मी पाठ न दाखवता मागे सरकत खोलीबाहेर आलो. वसतिगृहात लागलेली सवय. कठड्याला धरून जिना उतरलो.

तेव्हापासून मी भिऊन जगतो आहे. फोन वाजला की वाटतं, दाखवली फिल्म. माय दारात उभी दिसली की वाटतं, बा वळणावर गेला. आणि नोकरी गेली तर काय, ही भीती आहेच, ती लपवत नाही. बा संध्याकाळी विहाराच्या पायरीपर्यंत येतो आणि तिथेच बसतो. आत दुसरा कोणी पुढे म्हणतो. बाचे ओठ हलत नाहीत. मी त्याच्याजवळ बसतो आणि चोरून वास घेतो.

शेवटी मायच म्हणाली, "त्या बाईपुढं तुले बोलता येत नाही. लिहून टाक. शिकला कायले मंग?"

मी लिहिलं. ते पत्र असं.

आदरणीय सुमतीताई,

जयभीम. वसतिगृहात आम्ही सगळे नमस्कार म्हणायचो, म्हणून तुम्हाला हे पहिल्यांदाच लिहितो आहे.

तुम्ही विचारलंत, घाबरतोस कशाला. तेव्हा बोलता आलं नाही. माझा बाप मरेल म्हणून मी घाबरतो. तुम्ही रागावाल म्हणूनही घाबरतो. हे लिहिताना माझा हात कापतो आहे. तुमच्या कॅमेऱ्याला आवडला असता.

बाने हाव म्हटलं, ती संमती नव्हती. तुम्ही खुर्चीवर होता आणि तो जमिनीवर होता. दारू सोडून नुकत्याच उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात बाटली द्यायची नसते, त्यात पाणी असलं तरी. हे मला तुमच्याच संस्थेत शिकवलं. मी लहानपणी जे सांगितलं ते तुम्हाला सांगितलं होतं, फिल्मला नाही. ते मी परत घेतो आहे.

पत्र लिहिताना बा शेजारी बसला आहे. एकेक ओळ मी त्याला वाचून दाखवली. प्रत्येक ओळीला तो हाव म्हणाला. म्हणून मी लेखणी खाली ठेवली आणि म्हटलं, बा, मलेही हाव म्हनू नको, तुले काय पाहिजे ते तू सांग. त्याने लेखणी उचलून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "लिह्य, नाही."

हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. तुम्हीही पहिल्यांदाच ऐकता आहात. त्याला चित्रण नको आहे. मलाही नको आहे. बाटलीचं, नालीचं, मी दार लावलं त्याचंही.

वर्धापनदिनाला फिल्म लावली तर मी सभागृहात असेन. उठून उभा राहीन आणि सांगेन की बाटलीत पाणी होतं, आणि म्हैस मधे आली म्हणून माझ्या बापाला दुसऱ्यांदा पाडलं. पाय लटपटले तरी सांगेन. तुम्ही मला शिकवलंत, हेही त्याच तोंडाने सांगेन. राजीनामा मी देणार नाही. काढायचं असेल तर तुम्ही काढा.

बा अजून विहाराच्या पायरीवर बसतो. चित्रण पुसलं की आमच्या घरी या आणि हे त्याला स्वतः सांगा. या वेळी आम्ही खुर्ची मांडणार नाही. बा खाली बसलेला असेल. तुम्हीही खाली बसा, मग सांगा.