बायका कुठं बसायच्या

सोमनाथ चहा नको म्हणाला, तेव्हाच सगुणाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. कामथडीत चहा नको म्हणणारा माणूस एक तर उपाशीपोटी देवाला निघालेला असतो, नाही तर समोरच्याचा मिंधा व्हायचं नाही असं घरूनच ठरवून आलेला असतो. आणि सोमनाथच्या पायात तर बूट होते.

“काकी, जुन्या मैदानाचं चित्र काढून घेतोय,” तो म्हणाला. “मंडळाच्या नव्या खोलीत, भिंतीवर. चिंच, दगडी रूळ, पंचाचा ओटा, समदं जिथल्या तिथं. जुनी माणसं सांगणार, पेंटर काढणार. तुमीबी या.”

“मी काय सांगू? म्या काय कबड्डी खेळलेय व्हय?”

“खेळला न्हाई, पण तुमच्याइतकी कुणी बघितलीय का?”

बोलता बोलता त्याची नजर परड्यातल्या गोठ्यावर गेली आणि तिथं जरा रेंगाळली. निदान सगुणाबाईंना तसं वाटलं. सोमनाथ कबड्डी मंडळाचा सेक्रेटरी होता, तसा ग्रामपंचायतीचा मेंबरही होता. दारात उभा आहे तो यातला कोण, हे काही त्याच्या तोंडावर लिहिलेलं नव्हतं.

तो गेल्यावर सगुणाबाई गोठ्यात जाऊन उगीचच म्हशींना वैरण टाकत राहिल्या. हायवे रुंद झाला तेव्हा जुन्या मैदानाची खालची बाजू रस्त्यात गेली. चिंच गेली, ओटा गेला. मधल्या तुकड्यावर आता टेम्पो उभे राहतात. राहिली वरची बाजू. तिथं पूर्वी गावचा कोंडवाडा होता. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली जनावरं त्यात डांबायची. ती रीत बंद पडली, भिंत ढासळली, आणि एका उन्हाळ्यात सगुणाबाईंच्या मालकांनी, रखमाजींनी, ते दगड उचलून आपल्या परड्याचं कुंपण पुढं सरकवलं. कुणी हटकलं नाही. कोंडवाड्याच्या जागेवर गोठा उभा राहिला. आता रखमाजी नाहीत. मुलगा पुण्याला त्याच्या संसारात. सगुणाबाई जगतात त्या या गोठ्यातल्या दोन म्हशींवर.

आणि बायकांची कबड्डी बघायची जागा नेमकी तीच होती. सासरे-दिरांच्या समोर बसून, चड्डीवर मांड्या थोपटणारे गडी बघणं तरण्या सुनांना शोभत नसे. त्या कोंडवाड्याच्या आत शिरायच्या, जनावरांच्या पाण्याच्या डोणीवर चढून भिंतीवरून बघायच्या. मैदानातून दिसायची ती नुसती डोकी, तीही पदराखालची. सामन्याच्या दिवशी सकाळी याच बायका चुलीतली राख चाळून द्यायच्या. त्या राखेनं मैदानावर रेघा पडायच्या.

आता कुणी विचारलं, बायका कुठं बसायच्या, तर उत्तर कोंडवाडा. कोंडवाडा कुठं होता, तर सगुणाबाईंचा गोठा. चित्र कायमचं भिंतीवर राहणार, आणि येणारा-जाणारा बोट ठेवून म्हणणार, ही तर गावची जागा.

न जावं तर आपल्या माघारी कोण काय बोलेल, याचा भरवसा नव्हता. सगुणाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून मंडळाच्या खोलीत गेल्या आणि दारापाशी, सगळ्यांची तोंडं दिसतील अशा बसल्या.

शेजारची ठकुबाई आधीच येऊन बसली होती. पेंटर कोळशानं भिंतीवर रेघा मारत होता आणि म्हातारे त्याला एका वेळी चार बाजूंनी सांगत होते.

“चिंच अजून जाड काढ. दोघांच्या कवेत मावत नव्हती.”

“अरे, हा तर शेवगा झाला.”

“मैदानाला उतार दाखव,” गोरख म्हणाला. गोरख म्हणजे मंडळाचा एके काळचा चढाईचा गडी. आता गुडघ्याला पट्टा बांधून चालतो. “नाणेफेक जिंकली की आपण वरची बाजू घ्यायचो. पाहुण्यांना वाटायचं, आज आपलंच पाय जड झाल्यात.”

सगळे हसले. सगुणाबाईही हसल्या. त्या उतारावरून गोरख सुटायचा तेव्हा डोणीवर उभ्या असलेल्या सगळ्याजणी श्वास रोखून धरायच्या. ते आठवून क्षणभर त्या इथं कशाला आल्यात तेच विसरल्या.

“आता वरची बाजू,” सोमनाथ म्हणाला. “तिथं काय व्हतं?”

“तिथं आमी,” ठकुबाई लगेच म्हणाली. “कोंडवाड्यात.”

“कोंडवाडा शाळेकडं व्हता,” सगुणाबाई म्हणाल्या. म्हातारे पुन्हा चिंचेच्या बुंध्यावरून वाद घालायला लागले होते.

“शाळेकडं कसा? डोणीवरनं तू पडली न्हाईस का? गुडघा फुटला, म्या हळद भरली.”

“ती मी विहिरीवर पडले. तुझ्या काय ध्यानात ऱ्हातंय, ठके?”

ठकुबाईनं सगुणाबाईंकडं पाहिलं. मग ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. तिला यातला डाव कळला, का बोलणं मनाला लागलं, हे सगुणाबाईंना समजेना. कळलं असलं तर ती उद्या कुणापुढं बोलेल. लागलं असलं तरीही बोलेल.

“मग बायका कुठं बसायच्या?” सोमनाथनं विचारलं. त्याचा आवाज साधाच होता. साधा आवाज काढायला काय लागतं, असं सगुणाबाईंच्या मनात आलं.

“चिंचेखाली.”

म्हाताऱ्यांत खसखस पिकली. “चिंचेखाली आमी बसायचो की वो.”

“बरं. मंग बायका कुठं व्हत्या, ते तुमीच सांगा,” सगुणाबाई म्हणाल्या.

म्हातारे एकमेकांकडं बघू लागले. एक म्हणाला, बायका येतच नव्हत्या बहुतेक. दुसरा म्हणाला, न्हाई, यायच्या, भाकरी घेऊन कुणी तरी यायचं. एवढी वर्षं समोरच्या भिंतीवर दिसणारी बायकांची डोकी एकाच्याही ध्यानात राहिली नव्हती. सगुणाबाईंना राग आला आणि त्याच वेळी हायसंही वाटलं.

गोरखची गोष्ट वेगळी होती. बाकीच्यांची नजर खेळावरून हलायची नाही; हा खालच्या बाजूनं चढाईला यायचा तेव्हा याचं तोंड सरळ त्या भिंतीकडं असायचं. लोण चढवला की वर बघून हसायचा. सगुणाबाईंनी त्याच्यावरची नजर काढली नाही. गोरखनंही त्यांच्याकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या कोऱ्या जागेकडं.

“चिंचेखालीच बसायच्या,” तो म्हणाला. “सावली व्हती तिथं.”

गोरख म्हणतो म्हटल्यावर प्रश्न मिटला. पेंटरनं चिंचेखाली लुगडी काढली, एकीच्या कडेवर पोर दिलं. म्हाताऱ्यांना त्यानं वरच्या बाजूला उन्हात नेऊन बसवलं. कोंडवाडा कुठंच आला नाही.

“बरी मिळाली सावली आपल्याला,” ठकुबाई म्हणाली आणि सगुणाबाईंची वाट न बघता उठून गेली.

सगुणाबाई एकट्याच निघाल्या. गोठा वाचला होता. सोमनाथला तो हवा होता की नव्हता, हे आता कधीच कळणार नव्हतं. एवढ्यात मागून पट्ट्याच्या पायाची घसट ऐकू आली.

“वहिनी, जरा थांबा.”

“बोला, भावजी.”

“उद्यापासनं आमच्याकडंबी दूध लावा.” गोरखनं पुढं रस्त्याकडं बघत सांगितलं. “सकाळचं.”

“किती घालू?”

“घाला तुमाला वाटंल तेवढं.”

आणि तो गुडघा सांभाळत आपल्या आळीला वळला. दूध विकतचं की मघाच्या साक्षीचं, ते काही बोलला नाही. हाक मारून विचारावं म्हणून सगुणाबाईंनी तोंड उघडलं, तर टपरीवर दोघं-तिघं बसलेले दिसले. त्या मुकाट्यानं घराकडं चालू लागल्या. सकाळी चरवी पूर्ण भरून न्यावी की अर्धी, याचाच त्या विचार करत होत्या.