तिसरी केबल

पोखर्णीहून परत येताना सरोजबाईंनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तरी गाडी पळतच राहिली. पुढे बैलगाडी होती. बाईंनी क्लच दाबला, चावी बंद केली आणि गाडी रस्त्याकडेच्या मातीत उतरवली. मग मला फोन केला. त्यांचा आवाज अगदी शांत होता. त्यामुळेच मी जास्त घाबरलो.

बाई रिटायर्ड शिक्षिका. ही जुनी अँबॅसेडर त्यांच्या मिस्टरांची. ते गेल्यावर बाई साठीत ड्रायव्हिंग शिकल्या. इंजिन फार धूर सोडायचं, म्हणून आरटीओची परवानगी काढून मी अठराशे सीसीचं मोठं इंजिन बसवलं होतं. जुन्याला अ‍ॅक्सिलरेटरची लोखंडी दांडी होती, नव्याला केबल. सायकलच्या ब्रेकला असते तशी, नळीतून सरकणारी तार. तीच अडकली होती.

केबल खोलली तर आतलं प्लास्टिक वितळलेलं. सायलेन्सरच्या पाइपची धग लागली असणार, असं धरून मी नवी केबल पाइपपासून वीतभर लांबून नेली. आठ दिवसांत तीही जड झाली. तिसरी टाकली. पेडलची स्प्रिंग बदलली, कार्बोरेटर साफ केला. तरी पेडल पुन्हा जड लागायला लागलं. तीस वर्षं परभणीत गॅरेज चालवतोय, पण ह्या गाडीपुढे बसलो की मला काही सुचेना. इंजिनच चुकीचं निवडलं का, असंही वाटून गेलं.

शेवटी बाईंना सांगितलं, कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नका. त्यांचा मुलगा पुण्याहून फोनवर गाडी विकूनच टाक म्हणत होता. बाई स्टूल ओढून बसल्या. मग म्हणाल्या,

"मिस्त्री, एक सांगू का? गाडी पटकन सुरू झाली की पेडल हलकं असतंय. लय वेळ स्टार्टर मारावा लागला की जड."

"बाई, स्टार्टरचा अन् केबलचा काय संबंध?"

"ते तुमीच बघा. मी फक्त रोज बघायले ते सांगितलं."

इंजिन सकाळपासून थंड होतं. बाईंना चावी फिरवायला सांगून मी केबलवर हात ठेवला. स्टार्टर कण्हत फिरला आणि माझ्या बोटांना चटका बसला. थंड गाडीत केबल गरम! मी हात झटकला. मग गाडीखाली शिरलो.

बॅटरीची मायनस वायर बॉडीला जोडलेली असते. इंजिन मात्र रबरावर बसतं, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडीमध्ये तांब्याचा विणलेला जाड पट्टा लावतात, त्याला आम्ही अर्थ म्हणतो. तो पट्टा नव्हताच. मग स्टार्टरचा सगळा करंट इंजिन आणि बॉडीला जोडणाऱ्या त्या बारीक केबलमधून वाट काढत होता, आणि केबल भाजत होती. पट्टा कोपऱ्यात पडलेल्या जुन्या इंजिनालाच लटकत होता. ते इंजिन मीच उतरवलं होतं.

पट्टा लावला. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली, केबल गार. चूक माझी होती, ते बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बसा शेजारी." पोखर्णीपर्यंत त्यांनीच गाडी चालवली. मी सगळा रस्ता त्यांच्या पायाकडे बघत होतो.

आता इंजिन बदललं की आधी उतरवलेल्या इंजिनाभोवती एक चक्कर मारतो.