खांबाला लाथ मारायचा मान

गावात प्रत्येक घराला कसला ना कसला मान असतो. कुणाला पालखीच्या पुढच्या दांडीचा, कुणाला पोळ्याला पहिली बैलजोडी वेशीतून न्यायचा. माझ्या आजोळच्या घराला राक्षसाचा होता. नरसिंह जयंतीला घरातल्या कर्त्या पुरुषानं हिरण्यकश्यपू व्हायचं, गावासमोर देवाला शिव्या द्यायच्या, कागदी खांबाला लाथ मारायची आणि खांबातून निघालेल्या नरसिंहाच्या मांडीवर पोट फाडून घेऊन मरायचं. सोयरीक जुळवताना ही गोष्ट आधी सांगावी की लग्न लागल्यावर, असा आमच्या बायकांना कायम पेच पडे.

माझ्या आईचे चुलते कोंडीराम हे या घराण्यातले शेवटचे राक्षस. आई त्यांना तात्या म्हणायची, सगळं गावच म्हणायचं. तेरणेच्या काठी त्यांची बेताची जमीन होती. माणूस असा, की औताच्या बैलाला कधी चाबूक लावला नाही आणि सासुरवाडीला जेवताना दुसऱ्यांदा भाकरी मागितली नाही. पण वैशाखात तोंडाला काजळ फासलं, डोक्यावर पत्र्याचा मुकुट चढला, की आवाज असा फुटायचा की पारावरची म्हातारी माणसंही दचकायची. त्यांची बायको द्वारकाबाई, आईची द्वारकाकाकू, म्हणायची, "वर्साचं वरडणं एका दिवशी उरकून घेत्यात. घरात तेवढीच शांतता."

खांब बनवायचा दस्तगीर पिंजारी. वर्षभर तो कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा आणि वैशाख आला की बांबूच्या कामट्यांचा पुरुषभर उंच सांगाडा बांधून त्यावर तांबडा-पिवळा पतंगी कागद खळीनं चिकटवायचा. मागच्या बाजूला दोरीच्या गाठी मारलेलं एक दार ठेवायचा. त्यातून नरसिंह आत शिरून उकिडवा बसे. नरसिंहाची आयाळही दस्तगीरचीच, अंबाडीचा वाख हळदीत बुडवून केलेली. देव हिंदूंचा आणि खांब दस्तगीरचा, या वाटणीत कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. नरसिंह व्हायचा पाटलांच्या भावकीतला हिंमतराव, अंगानं दांडगा आणि डोक्यानं जरा तापट तरुण.

देवळाच्या ओवरीत खांबाचं काम चाले तेव्हा तात्या शेतातून येऊन तिथंच बसत. मदत कमी, गप्पा जास्त. एकदा त्यांनी विचारलं, "दस्तगीर, तुमच्यात राक्षस असतो का रं?"

"असतो की. सैतान. त्यानं अल्लाकडं मोहलत मागितली, कयामत येईस्तवर माणसं नासवायची. अल्लानं दिली."

"मागितली अन् दिली?"

"तुमच्या ब्रह्मदेवानं न्हाय का हिरण्यकश्यपूला वर दिला? दिवसा मरायचं न्हाय, राती मरायचं न्हाय. देणारे दोघंबी लई उदार हायेत, तात्या. भोगणारे आपुन."

तात्या पोट धरून हसले. देवळाचा पुजारी हरिबा गुरव जवळच फुलं निवडत होता, त्याला मात्र हे रुचलं नाही. त्यानं समजावून सांगितलं, की हिरण्यकश्यपू हा मुळात वैकुंठाचा द्वारपाल. शाप मिळाला म्हणून राक्षस झाला. देवाला प्रगट व्हायला निमित्त लागतं, म्हणून देवानंच आपला माणूस खाली धाडला. हे तात्यांना फार आवडलं. "म्हंजी आमी देवाच्याच चाकरीत," असं ते घरी येऊन काकूला सांगत बसले. देव एवढा समर्थ असून राक्षसाला का ठेवतो, हा प्रश्न त्यांच्यापुरता तिथं मिटला. खरं तर तो मिटला नव्हता. त्यांना अजून त्याची झळ लागली नव्हती, एवढंच.

अठ्ठेचाळीस सालच्या वैशाखात खांब तयार झाला, पण सोंग झालं नाही. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं आणि मरता मरता गावं होरपळून काढत होतं. रझाकार आमच्या गावात आले, कडब्याच्या गंजी पेटवल्या आणि मोटेवर उभ्या असलेल्या हिंमतरावच्या थोरल्या भावाला गोळी घातली. जाताना चावडीसमोर दस्तगीरला उभं करून थोबाडीत दिल्या, काफरांच्या देवाचा खांब बनवतोस म्हणून. दस्तगीरचा रझाकारांशी आलेला संबंध हा एवढाच. त्या भीतीत सोंगाचं नाव कोण काढणार? कागद चढवलेला खांब ओवरीच्या कोपऱ्यात तसाच उभा राहिला.

भाद्रपदात सोलापूरकडून फौजा आल्या आणि निजाम शरण गेला. गावानं साखर वाटली. आणि ती साखर तोंडात असतानाच लोकांना आठवलं, की आपल्या गावात मुसलमानांची दोन-चार घरं आहेत. हे लिहिताना मला राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. कारण त्या जमावात शेजारच्या गावची माणसं होती तशी आमचीही होती, दस्तगीरच्या रजईत झोपणारी.

दस्तगीरची बायको जैनबी हिला काकूनं माजघरात कणगीमागं बसवलं. पण जमाव गडीमाणसं शोधत घरोघर फिरत होता आणि घरात दस्तगीर सापडला असता. तात्या त्याला मागच्या बोळातून देवळात घेऊन गेले. देवळात कोण झडती घेणार, असा त्यांचा हिशेब. आणि खांबाबद्दल तर त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"आत बस," ते म्हणाले. "ह्या खांबाला लाथ मारायचा मान माझ्या घराचा हाय. म्या मारल्याबिगर दुसरं कोण मारतंय?"

दस्तगीर आपल्याच हातानं केलेल्या खांबात शिरला. तात्यांनी मागच्या गाठी मारल्या आणि पायरीवर येऊन बसले.

जमाव आला. दस्तगीर कुठं आहे विचारलं. तात्या म्हणाले, मला काय ठावं. लोकांनी गाभाऱ्यात डोकावून पाहिलं, देवाला हात जोडले आणि परत फिरले. हिंमतराव मात्र ओवरीत थांबला. तो असल्या खांबात वर्षानुवर्षं बसला होता. आत माणूस असला की त्याच्या श्वासाबरोबर कागद कसा आतबाहेर होतो, हे गावात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं खांबाकडं पाहिलं, मग तात्यांकडं पाहिलं.

"हिंमत, मान आमचा हाय!" तात्या ओरडले. त्या वेळी त्यांना एवढंच सुचलं.

हिंमतरावनं लाथ मारली. कागद फाटला आणि आतून दस्तगीर निघाला, हात जोडलेले. आवाजासरशी जमाव मागं वळला आणि तात्यांना दोघांनी दाबून धरलं. दस्तगीरला ओढ्याकडं नेलं. तिथं काय झालं ते मी लिहीत नाही. तात्यांना पायरीवर ऐकू आलं होतं, तेवढं पुरे.

त्यानंतर तात्यांना एकाच गोष्टीनं पछाडलं. त्या दिवशी खांबात देव होता की नव्हता? नसेल, तर बापजाद्यांपासून आपण कुणाच्या नावानं लाथा मारत आलो? आणि असेल, तर तो दस्तगीरशेजारी अंग चोरून बसून का राहिला? जेवता जेवता घास हातात धरून ते थांबत. औत धरलेलं असताना अर्ध्या वावरातच उभे राहत आणि बैल मान वळवून त्यांच्याकडं बघत.

हरिबाकडं ते रोज जात. हरिबा बिचारा सरळ माणूस, जमेल तेवढं सांगायचा. म्हणाला, राक्षस हा देवाचा द्वारपाल, इसरलात का तात्या?

"न्हाय इसरलो. पर द्वारपालच देवाच्या दारात माणूस मारायला लागला तर धनी काय करतो? झोपतो?"

मग हरिबा म्हणाला, देवानं माणसाला मोकळा सोडलाय, बरं करायचं की वाईट ते ज्यानं त्यानं बघावं.

"माझा बैल मोकळा सुटून तुमच्या पिकात शिरला, तर तुमी कुणाला धरता, हरिबा? बैलाला का मला?"

मागच्या जन्माचं काही असेल, असं हरिबा हळूच पुटपुटला. तेव्हा तात्या ताडकन उठले. "दस्तगीरचा मागचा जनम काढू नगा. ह्या जन्मी त्यानं तुमच्या देवाला आयाळ करून दिली." त्यानंतर ते हरिबाकडं गेले नाहीत.

जैनबी अजून काकूपाशीच राहत होती. तिचा भाऊ लातूरकडून न्यायला यायचा होता, पण वाटा धड नव्हत्या. ती काकूबरोबर दळायची, भाकरी थापायची, आणि तात्या समोर आले की डोक्यावरचा पदर पुढं ओढायची. एक दिवस तात्या तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "जैनबी, म्या त्याला तिथं नेऊन बसवलं. चूक माझी. पर देवानं असं का हू दिलं, ते मला उमजंना. तुमच्यात काय सांगत्यात?"

जैनबीनं जात्याचा खुंटा सोडला. आई तिथंच पीठ चाळत होती, तिनं हे कानांनी ऐकलं.

"अल्लाला इचारायला म्या कोण?" जैनबी म्हणाली. "म्या शेजाऱ्यांना इचारते, तात्या. पाणवठ्यावर इचारलं. दुकानात इचारलं. तुमी तवा कुठं व्हता, म्हनलं. कुणी बोलत न्हाय."

त्या आठवड्यात जैनबीचा भाऊ आला आणि ती गेली. दस्तगीरच्या घराचं दार पुढं कुणीतरी चुलीला नेलं.

एकोणपन्नासचा वैशाख आला. निजाम गेला होता, आता सोंग दणक्यात करायचं असं गावानं ठरवलं. ढोकीहून कारागीर आणून नवा खांब केला. तो जरा तिरकाच झाला. आयाळ मात्र जुनीच घेतली, दस्तगीरची. माणूस चालला नाही, आयाळ चालली. तात्या तयार होणार नाहीत असं वाटून पाटलांनी निरोप धाडला, की नाही म्हणालात तर मान दुसऱ्या घराला जाईल. तात्यांनी उलट निरोप दिला, मी येतो. काकू म्हणाली, "कशापायी जाताव? त्यो हिंमतराव हाय खांबात." तात्या मुकुट पुसत राहिले.

दिवेलागणीच्या सुमाराला सगळं गाव देवळापुढं जमलं. हलगी घुमत होती. तात्यांनी मुकुट घातला, काजळ फासलं आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच फुटला. हिरण्यकश्यपूनं प्रल्हादाला दम दिला, देवाला शिव्या घातल्या. लोक खूश झाले.

"कुठाय तुझा देव?"

"सगळीकडं," प्रल्हाद झालेलं पोरगं म्हणालं.

"ह्या खांबात हाय?"

"हाय."

आता लाथ. हलगी थांबली. तात्यांनी पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग खांबाकडं पाठ करून ते गावाकडं वळले. राक्षसाचा आवाज गेला होता. घरातल्या आवाजात, कुणी कान दिला तरच ऐकू यावं असं, ते म्हणाले, "भादव्यात अशाच खांबात एक माणूस व्हता. तवा देव कुठं व्हता, ते देवाला इचारून म्या दमलो. आता तुमाला इचारतो. तुमी कुठं व्हता?"

पाटील खाकरले आणि मुंडासं सारखं करू लागले. बायकांनी पदर तोंडाशी नेले. तात्या खांबासमोर जमिनीवर बसले, उत्तराची वाट बघत बसावं तसे.

उन्हाळ्याचे दिवस, आत हवा नाही, आणि लाथ बसल्याशिवाय नरसिंहानं बाहेर यायचं नसतं. खांबाचा कागद आतबाहेर होऊ लागला, आधी सावकाश, मग भराभर. सगळं गाव ते बघत होतं. मग आतून आवाज आला, दबका. "तात्या, मारा की लाथ. जीव घुसमटायलाय."

तात्या ऐकत राहिले.

"तात्या, अवो तात्या. भ्याव वाटायलंय."

तेव्हा तात्या उठले. लोकांना वाटलं, आता मारणार. त्यांनी मुकुट काढून खाली ठेवला, खांबाच्या मागं गेले आणि बसून एक एक गाठ सोडली. कागदाला कुठं चीर जाऊ दिली नाही. दार उघडून त्यांनी आत हात घातला.

"ये भाईर," ते म्हणाले. "भिऊ नगंस. म्या हाय हितं. कुणी हात लावत न्हाय तुला."

हिंमतराव बाहेर आला. पिवळ्या आयाळीसकट तो धुळीत बसला आणि हंबरडा फोडून रडायला लागला. तात्या त्याच्या शेजारी बसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आई सांगायची, तात्यांच्या तोंडावर माफी नव्हती. 'म्या हाय हितं' हे शब्द त्यांना भादव्यात दुसऱ्या कुणाला तरी सांगायचे होते, आणि राहून गेले होते.

अंधार पडायच्या आत राक्षसानं मरायचं असतं. तात्या बसूनच राहिले. लोक एकेक करून घरी गेले, आणि जाताना कुणीही त्यांना उत्तर दिलं नाही.