गोठ्यातली चासी

आमची गाडी गोठ्यात तयार झाली असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे पाहतो आणि मग हसतो. हसू दे. त्या गाडीच्या चासीतलं प्रत्येक रिबिट मी घण मारून बसवलं आहे, आणि तेही एकदा नाही, दोनदा. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क माझा आहे.

आमचं गाव सावद्याजवळचं, केळीचं. शेत गावापासून दीड कोसावर, तापीकडे उतरणाऱ्या वाटेला, आणि मध्ये एक खोल नाला. पावसाळ्यात त्या नाल्यातली काळी माती बैलांना पोटापर्यंत धरून ठेवायची. आमचे हे भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात लोखंडी पट्ट्या रिबिटांनी जोडायच्या कामावर होते. स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी हे सुटीवर घरी आले असताना केळीनं भरलेली बैलगाडी त्या नाल्यात कलंडली आणि यांच्या डाव्या गुडघ्यावर पडली. पाय वाचला, पण गुडघा वाकायचा थांबला. नोकरी गेली.

थोरले दीर माणूस म्हणून वाईट नव्हते, पण घरात कोणी काय करायचं हे त्यांनीच ठरवायचं अशी त्यांची समजूत होती. एके दिवशी ओसरीवर बसून ते यांना म्हणाले, "तुले आता नाल्यापलीकडचं वावर झेपनार नही. मी पाहतो ते. तू बस घरी, पोथी वाच."

हे भिंत धरून उठले. आत येऊन मला म्हणाले, "मी बत्तीस वर्षांचा आहे. पोथी वाचायला पुढे पुष्कळ दिवस पडलेत."

धुळ्याला एक व्यापारी लष्करानं मोडीत काढलेलं सामान विकायचा. त्याच्याकडे घाटात उलटलेली एक जीप पडून होती. हे काठी टेकत धुळ्याला गेले, सोबत जळगावचा एक ओळखीचा मिस्त्री घेतला. इंजिन शाबूत होतं. चारही चाकांना जोर मिळायचा, म्हणजे चिखलातून निघायची तिची ताकद होती. पण चासी, म्हणजे ज्या लोखंडी चौकटीवर इंजिन आणि चाकं बसतात ती, मधोमध चिरून पिळली गेली होती.

मिस्त्री म्हणाला, "चासी गेली की गाडी गेली. भंगारात द्या."

"चासी मी नवी करतो."

"कुठे?"

"घरी."

"घरी पापड होतात, भाऊ. चासी कारखान्यात होते."

घरी आल्यावर यांनी मला हे जसंच्या तसं सांगितलं. यांना हसू येत होतं, मला राग आला. पापडालाही मनगट लागतं, हे त्या मिस्त्रीला कोणी सांगितलं नव्हतं.

जीप सुटी करून दोन खेपांत गावी आणली. बैल परसात बांधले आणि गोठा रिकामा केला. जळगावच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधून लोखंडाचे लांब, पन्हळीसारखे चॅनेल मिळाले, गंजलेले पण जाड. यांनी ठरवलं होतं की नवी चासी जुनीपेक्षा दोन हात लांब करायची, म्हणजे मागे केळीचे घड आडवे रचता येतील. जुनी चासी जमिनीवर ठेवून, तिच्यावरून मापं घेऊन, यांनी भिंतीवर कोळशानं आकृती काढली.

रिबिटाचं काम एकट्याचं नसतं. भात्यावर रिबिट लाल करायचं, सांडशीनं भोकात घालायचं, एकानं मागून जड लोखंड दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं निवायच्या आत घणानं त्याचं डोकं बसवायचं. यांना उभं राहून घण मारता येईना, तोल जायचा. गावच्या लोहाराला विचारलं, तर त्याला नांगराच्या फाळांतून सवड नव्हती. तिसऱ्या दिवशी मी पदर खोचला आणि घण उचलला.

"तुले जमनार नही," हे म्हणाले.

"तुम्ही मागून धरा," मी म्हटलं.

पहिली चार रिबिटं वाया गेली. पाचवं बसलं. विहिरीवर बायका बोलायला लागल्या की पाटलाच्या घरची सून लोहारीण झाली. एकीनं तोंडावर विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "लोहारणीची मजुरी तुझ्या नांगराला चालते, मग मला लाज कशाची?" दीर दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले.

दीड महिन्यात चौकट उभी राहिली. हे तिच्याकडे पाहून खूश होते. मला मात्र ती डोळ्याला खटकत होती. माझी आई बाज विणायच्या आधी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरी ताणायची, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्हीकडे दोरी सारखी भरली तरच विणायला बसायची; नाहीतर बाज पुढे डुगडुगते. मी सुंभाची दोरी आणली आणि तशीच ताणली. एका बाजूनं तीन बोटं कमी भरली.

"मापं बरोबर आहेत," हे म्हणाले. "मी चार वेळा घेतलीत."

"कशावरून घेतली?"

यांनी कोपऱ्यात पडलेल्या जुन्या चौकटीकडे पाहिलं. जुनी चासी घाटात पिळली गेली होती, आणि आम्ही तोच पीळ मोठ्या मेहनतीनं नव्या लोखंडात उतरवला होता. ती गाडी खेकड्यासारखी तिरकी चालली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेले, तर हे छिन्नी घेऊन बसले होते. "चाळीस रिबिटं काढायची आहेत," एवढंच म्हणाले. दीर दारातून म्हणाले, "आता तरी सोडा." मी भाता पेटवला. दुसऱ्यांदा जोडताना प्रत्येक आडव्या पट्टीनंतर दोरी ताणली.

मिस्त्री इंजिन बसवायला आला. चासीभोवती दोनदा फिरला, खाली वाकून पाहिलं आणि मुकाट्यानं कामाला लागला. पापडाचं नाव काढलं नाही.

गाडी सुरू झाली त्या दिवशी अर्धा गाव जमला होता. हे चालवायला बसले, आणि तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं. क्लच डाव्या पायाखाली असतो. यांचा डावा पाय वाकत नव्हता. चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा गाडी गचका देऊन बंद पडली. लोक हसले. दीर म्हणाले, "झालं? ईक आता तिले."

यांचा चेहरा मला पाहवेना. मी म्हटलं, "उतरा, मी बसते."

महिनाभर कापणी झालेल्या वावरात मी गाडी शिकले. हे शेजारी बसून सांगायचे, मी चुकायचे, हे ओरडायचे, मी त्याहून मोठ्यानं ओरडायचे. बांध दोन ठिकाणी मोडला, तो मीच पुन्हा घातला.

मग जळगावला परवान्याच्या कचेरीत गेलो. गाडी मिस्त्रीनं नेली. तिथल्या साहेबांनी विचारलं, "कोणत्या कारखान्याची बनावट?"

"आमच्या गोठ्याची," हे म्हणाले.

साहेब रागावले नाहीत. हातोडी घेऊन खाली शिरले आणि एकेक रिबिट ठोकून ऐकू लागले. घट्ट बसलेलं रिबिट खणखणतं. मागच्या कोपऱ्यात एक बद्द वाजलं. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "हे एक ढिलं आहे. कुणी मारलं?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "ते बदलून आणा."

आम्ही परत गेलो, ते बदललं, पुन्हा आलो. या वेळी सगळी खणखणली. कागदावर सही करताना त्यांनी विचारलं, "चालवणार कोण?"

"मीच."

"बाई, नऊवारीत गाडी चालवणार?"

"घणही नऊवारीतच मारला, साहेब."

त्यांनी मला चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला लावली, उलटी चालवायला लावली, अरुंद गल्लीतून वळवायला लावली. मला वाटतं पुरुषांना ते एवढं करायला लावत नसावेत. मी सगळं केलं. परवाना मिळाला.

त्या श्रावणात पाच दिवस झड लागली. गावातल्या बैलगाड्या नाल्यापलीकडे अडकल्या, आणि सावद्याच्या स्टेशनावर वॅगनी लागलेल्या. कापलेली केळी थांबत नाहीत, जागच्या जागी पिकतात. आम्ही घड भरून नाल्यात उतरलो. चिखल चाकांच्या निम्म्यावर आला. हे शेजारून एवढंच म्हणत होते, "पाय काढू नको. पाय काढू नको." गाडी थरथरत, गुरगुरत, एकेक हात सरकत वर आली. चासी कुठे कुरकुरली नाही.

तिसऱ्या खेपेला दीर नाल्याच्या काठावर उभे दिसले. त्यांची गाडी रुतलेली होती, बैल सोडून दिले होते. थोडा वेळ इकडेतिकडे पाहून म्हणाले, "माह्ये घड नेशीन का?"

मला त्यांचा एकेक शब्द आठवला. तरी मी म्हटलं, "नेते, भाऊ. पण तुम्ही मागे घडांवर बसायचं नाही. पुढे बसा."

यांनी हसू दाबलं आणि हे मागे जाऊन बसले. दीर माझ्या शेजारी बसले. मी गाडी मुद्दाम बाजारपेठेतून नेली, सावकाश. स्टेशनावर व्यापारी, हमाल, गावचे लोक, सगळे पाहत होते. दीर समोर पाहत ताठ बसले होते. एकानं विचारलं, "भाऊ, गाडी कोनाची?"

दीर म्हणाले, "सूनबाईची."

ती गाडी आम्ही अकरा पावसाळे चालवली. त्यानंतर नाल्यावर फरशी पूल झाला आणि मोठे ट्रक शेतापर्यंत यायला लागले. गाडी विकताना घेणाऱ्यानं विचारलं की चासी कोणत्या कंपनीची आहे. यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि मी त्याला खाली वाकून एकेक रिबिट ठोकून पाहायला सांगितलं.